वॅटची काटामारी

बारावीची परीक्षा संपली आणि आण्णांची जुनी स्प्लेंडर माझ्या ताब्यात आली. दौंडमध्ये त्या वयात गाडी हातात आली की पहिले दोन खर्च ठरलेले असतात, नंबरप्लेट आणि साउंड. नंबरप्लेट आण्णांनी बदलू दिली नाही. ते रेल्वेत होते, नियमाबाहेरचं काही दिसलं की त्यांना झोप लागत नसे. साउंड मात्र त्यांच्या नकळत बसला. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून ॲम्प्लिफायर आणला. पंजाएवढा, निळ्या ॲल्युमिनियमचा, वर सोनेरी अक्षरात '१००० वॅट'. सोबत चार इंची दोन स्पीकर, तेही 'हेवी बेस'. ॲम्प सीटखाली, स्पीकर लेगगार्डला, बोर्ड हँडलला केबल टायने आवळलेला.

बेस आला नाही.

आवाज आला, भरपूर आला. पत्र्याच्या डब्यात कुणी चमचे हलवतंय असा आला. मी नॉब वाढवत गेलो, बेसचा नॉब तर पहिल्या दिवसापासून शेवटापर्यंत फिरवलेलाच होता. दोन महिन्यांनी उजव्या स्पीकरमधून जळक्या वार्निशचा वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. दुकानदार म्हणाला, ''स्पीकर हलका पडला, ॲम्पला पॉवर जास्त आहे.'' मी मान डोलावली. माझ्या गाडीत स्पीकरला न झेपणारी ताकद आहे, याचा मला चक्क अभिमान वाटला.

आज मी खराडीत एका कंपनीत बसून कोड लिहितो, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची डिग्री घेतली आहे, आणि तो अभिमान आठवला की कानशिलं तापतात. कारण हिशोब सातवीच्या मुलाला येईल इतका सोपा होता. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यातून १००० वॅट काढायचे तर ८३ ॲम्पिअर करंट लागेल. त्या करंटला वेल्डिंगच्या केबलसारखी जाड वायर लागते, माझ्या ॲम्पला मोबाइल चार्जरच्या जाडीची होती. स्प्लेंडरसारख्या गाडीची बॅटरी जेमतेम ३ ॲम्पिअर-अवरची असते. म्हणजे तिच्या पोटात एकूण ३६ वॅट-अवर. १००० वॅटने ती कागदावरसुद्धा दोन मिनिटं दहा सेकंदांत रिकामी होईल. एक गाणंही पुरं होणार नाही.

आणि पुरावा ॲम्पवरच होता. वायरीच्या मध्ये काचेचा फ्यूज होता, त्यावर लिहिलेलं: १० ॲम्पिअर. बारा दाहे एकशे वीस. त्याहून जास्त पॉवर ॲम्पने सतत ओढायचं म्हटलं तर फ्यूज उडणार. ओढलेल्यातली बरीचशी उष्णता होऊन जाते, उरलेली स्पीकरला. सोनेरी अक्षरं कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने लिहिली, फ्यूज मात्र कंपनीच्या इंजिनिअरने निवडला. फ्यूजला खोटं बोलून चालत नाही, माल जळतो.

पुढे कॉलेजात असताना तो ॲम्प उघडला. आत एक साधी ऑडिओ आयसी, दोन चॅनलची. १२ व्होल्टवर, व्होल्टेज वाढवणारी वेगळी सर्किट नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ पॉवर मिळते ती फार तर १८ वॅट. हा आयसीचा दोष नाही, १२ व्होल्टची मर्यादा आहे, आणि जगातली कुठलीही सोनेरी शाई ती ओलांडू शकत नाही. आपल्याकडच्या रिपेअरवाल्यांची लाडकी ४४४० आयसी आठवा. तिच्या डेटाशीटवर सॅन्योने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय: दोन चॅनलला ६-६ वॅट, ब्रिज केली तर १९. त्याच आयसीचा बोर्ड डब्यात घातला की बाजारात तो काही शे वॅटचा होतो.

आता मला माझ्या गावाला एक विचारायचं आहे. आपण ऊसवाले लोक. कारखान्याच्या वजनकाट्यावर खेपेमागे क्विंटलभर ऊस मारला जातोय असा नुसता संशय आला तरी आपण गाडी बाहेरच्या काट्यावर नेऊन वजन करतो, गेटवर बसतो, निवेदनं देतो. काटामारी हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. केडगावच्या एखाद्या गुऱ्हाळवाल्याने एक किलोच्या ढेपेवर 'पन्नास किलो' छापलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. मग ३६ वॅटच्या डब्यावर १००० छापणाऱ्याला आपण पैसे मोजून, वर 'भाऊ, याच्यापेक्षा मोठा नाही का?' असं का विचारतो?

आपल्याला वॅट दिसत नाही म्हणून. आणि ज्यांना दिसतो त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, तोंड उघडलेलं नाही म्हणून.

अमेरिकेतही हेच चालायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायर विकताना पॉवरचा आकडा सांगायचा असेल तर सलग किती देतो, किती ओहमवर, किती विकृतीसह, ते सांगावं लागेल. आपल्याकडे डब्यावर 'पीएमपीओ' लिहितात. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. उद्या त्याच डब्यावर ५००० लिहिलं तरी आतला माल तोच राहील.

पण वॅट खरे असते तरी माझ्या लेगगार्डवर बेस आला नसता. इथे मला थोडं मागे जावं लागेल.

माझ्या आयुष्यातला पहिला बेस मी कुठल्याही स्पीकरमधून ऐकलेला नाही. आमचं क्वार्टर यार्डाजवळ होतं. मनमाड लाइनच्या गाड्यांची डिझेल इंजिनं रात्री उभी असायची. ॲल्को बनावटीचं इंजिन, १६ सिलिंडर, निवांत असताना ४०० आरपीएम. हिशोब केला तर सेकंदाला साधारण ५३ स्फोट होतात, म्हणजे ५३ हर्ट्झ. तेव्हा हा आकडा माहीत नव्हता. इतकंच कळायचं की कपाटातली भांडी बारीक थरथरतायत, छातीत काहीतरी भरून राहिलंय, आणि तरीही आई शेजारी हळू आवाजात बोलली तर तिचा शब्द न् शब्द ऐकू येतोय. बेस म्हणजे काय, याची माझी व्याख्या आजही तीच आहे. तो अंगाला कळतो आणि बोलणं बंद पाडत नाही.

तशी हवा हलवायला काय लागतं ते बघा. ४० हर्ट्झचा सूर, मोकळ्या हवेत, एक मीटरवर ९० डेसिबल. चार इंची स्पीकरच्या पडद्याला यासाठी मधल्या जागेपासून पुढे-मागे पावणेतीन-पावणेतीन सेंटीमीटर हलावं लागेल. तो बिचारा दोन-तीन मिलिमीटर हलतो, त्यापुढे कॉइल आपटते. १५ इंची वूफरला त्याच कामासाठी पावणेदोन मिलिमीटर पुरतात. आणि सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजाला पडदा चौपट हलवावा लागतो. बेसचा नॉब फिरवताना आपण नेमकं हेच मागत असतो, पोराच्या अंगावर पोतं टाकत असतो.

दुसरी गोष्ट पेटीची. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. मागची लाट मोकळी सोडली की ती वळसा घालून पुढच्या लाटेला खाऊन टाकते. बारीक आवाजाचं फारसं बिघडत नाही, पण ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला चार इंचाचा वळसा म्हणजे काहीच नाही. म्हणून पेटी लागते, आणि हवाबंद लागते. आपल्या वादकांना हे स्पीकरचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. डग्गा म्हणजे वर पडदा आणि खाली बंद भांडं. चौफुल्याच्या कलाकेंद्रात ढोलकी पडली की मागच्या रांगेतल्या माणसाच्या पोटात कळते, तिला कुठली बॅटरी जोडलेली नसते. आम्ही मात्र उघडा स्पीकर लेगगार्डला बांधून त्याच्याकडे डग्गा मागतो.

गाडीवर आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आकाश. कारमध्ये काचा बंद असतात, छोटी बंदिस्त हवा खालच्या सुरांना उचलून धरते. बाईकला भिंतीच नाहीत. माझ्या स्प्लेंडरवर बेस कुठे यायचा सांगू? कुरकुंभ मोरीखाली. वर रेल्वे, दोन्ही बाजूंना भिंती, आणि तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत गाणं अचानक भारदस्त व्हायचं. मी उगाच मोरीखालून चकरा मारायचो. मला वाटायचं मोरीत काहीतरी जादू आहे. होती, पण ती भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली होती.

आणि वेग. महामार्गावर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच ९० डेसिबलच्या वर जातो, आणि ती घरघर मुख्यत: खालच्या पट्टीतली असते, म्हणजे नेमकी बेसवर बसते. वाऱ्याच्या वर बेस काढायचा म्हणजे कान गहाण टाकायचे.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट राहिलीच. थर्ड इयरला असताना नवीन स्पीकर जोडताना लक्षात आलं की जुन्या जोडणीत एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी होती. एक पडदा पुढे जायचा तेव्हा दुसरा मागे. दोन वर्षं माझे दोन स्पीकर एकमेकांचा बेस खात होते. एक वायर उलटी केली, फुकटात, आणि जेवढा काही बेस त्या चार इंचांत होता तेवढा बाहेर आला. हे मला शिकवलं कुणी? कॉलेजने नाही. कॉलेजात मी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये बरे मार्क पाडले होते, फुरिअरचं गणित तोंडपाठ होतं. चार वर्षांत एकदाही कुणी वर्गात स्पीकर उघडून टेबलावर ठेवला नाही. हे शिकवलं दौंडच्या बाजारातल्या एका दहावी नापास रिपेअरवाल्याने. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला टेकवला आणि म्हणाला, ''बघ, पडदा भाईर आला का आत गेला? दोन्हीचा सारखा पायजे.''

इथपर्यंत तुम्ही हसत वाचलं असेल. आता ट्रॅक्टरकडे येऊ.

माझा मावसभाऊ शिरूर तालुक्यातला. हंगामात ऊस वाहतो. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि टपावर ते दृश्य जे तुम्ही सोलापूर रोडला पाहिलं असेल: दोन पंधरा इंची, चार ट्वीटर, रंगीत लाइट. पुण्याहून कारने जाणारी मंडळी काच वर करून म्हणतात, ''जनावरं आहेत.'' हे वाक्य मी माझ्याच ऑफिसच्या कॅबमध्ये ऐकलंय आणि गप्प बसलोय.

त्या टपाखाली बसून बघा. रात्री नऊला भरलेली खेप, ताशी पंधरा-वीसचा वेग, कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत पाच-सहा तास. झोप आली तर ट्रॉली कुणाच्या तरी अंगावर जाते. जोडीला माणूस नाही. त्याला काहीतरी छातीत भरून हवं आहे, जसं मला यार्डाजवळ हवं होतं. बेसची ओढ ही असंस्कृतपणाची खूण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या कानातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन काढून बघावेत. ते विकत घेताना तुम्ही बेसच विकत घेतलात. तो इतका छान येतो कारण ती गादी कानाभोवती हवाबंद बसते. तुमची पेटी तुमच्या डोक्यावर आहे, महाग आहे, आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही, एवढाच फरक. लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी आवाज मोजतात, ते आकडे शंभर डेसिबलच्या पुढे गेलेले आहेत, आणि त्यात फेटा बांधलेली ढोलपथकंही असतात. तिथे आपण रील काढतो.

पण हे भावाच्या बाजूने बोललो म्हणजे त्याचा साउंड बरोबर आहे असं नव्हे. अजिबात नाही. त्याच्या आवाजात मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न बुडतो. रस्त्याकडेच्या घरात कुणी तापाने फणफणलेलं असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी. तो हे सगळं मोडतो. गंमत अशी की हे डेसिबल 'ए' प्रकारचे मोजतात, त्यात ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर ओरडतो तो मुख्यत: वरच्या किंचाळीवर. आणि भावाच्या टपावर किंचाळीच होती. मोजून, ऐकून सांगतो, त्याच्याकडे बेस नव्हताच! दोन पंधरा इंची स्पीकर होते, पण पेटीला मागे वायरीसाठी मुठीएवढं भोक तसंच उघडं, प्लाय पातळ, आणि ॲम्पवर छापलेले ३००० वॅट. ते कमी पडायचे म्हणून गेन शेवटापर्यंत. गेन मर्यादेपलीकडे गेला की लाटेचा माथा कापला जातो, गोल डोंगराचा टेबल होतो. कापलेल्या लाटेतून वरचे कर्कश सूर निघतात आणि कॉइल तापते. आपण त्याला 'फुल साउंड' म्हणतो. तो साउंड फुल नसतो, फाटलेला असतो.

म्हणून माझं भांडण दोन्हीकडे आहे. खोटे वॅट विकणारा या पोराला बेस देत नाही, म्हणून पोरगा आवाज वाढवतो, म्हणून पोलीस सेट उतरवतात, म्हणून तो पुढच्या हंगामात आणखी मोठ्या आकड्याचा डबा घेतो. या चक्रात पैसे फक्त एकाला मिळतात. आणि पांढरपेशा माणूस फक्त शेवटची पायरी पाहून नाक मुरडतो.

जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये १९५०-६० च्या दशकांत रस्त्यावर साउंड सिस्टिम लागायच्या. तिथला एक रेडिओ दुरुस्त करणारा, किंग टबी, स्वत:चे ॲम्प्लिफायर बनवायचा. त्याच्या सेटची ख्याती नुसत्या मोठ्या आवाजाची नव्हती, स्वच्छ आणि वजनदार बेसची होती, आणि त्याच्या हातून पुढे डब नावाचा अख्खा संगीतप्रकार घडला. आपल्याकडे प्लाय कापून पेट्या बनवणारे, कॉइल भरणारे हात गावोगाव आहेत. त्यांना आपण 'डॉल्बीवाले' म्हणून मोकळे होतो. रे डॉल्बी या माणसाने १९६५ साली कंपनी काढली ती टेपची खरखर कमी करायला. महाराष्ट्रात त्याचं नाव गोंगाटाला लागलं.

''मग बाईकवर बेस विसरायचा का?'' असं कुणीतरी विचारणारच. ४० हर्ट्झ विसरायचे, हो. कुणी दाखवतो म्हणाला तर त्याचा फ्यूज बघायचा. पण चांगला बेस येतो, आणि तो येतो मागणं कमी केल्यावर. मी आता गाडीवर साडेसहा इंची दोन स्पीकर लावलेत, हवाबंद फायबरच्या पॉडमध्ये, सांध्यांना रबर. ॲम्पवर हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झला, म्हणजे जे झेपत नाही ते स्पीकरकडे जातच नाही. हे उलटं वाटतं, बेस हवा म्हणून बेस कापायचा. पण ओझं उतरलेला पडदा १०० ते २०० हर्ट्झचा ठोका इतका घट्ट मारतो की खालचा सूर मेंदू स्वत: भरून घेतो. हे थोतांड नाही. वरचे गुणक ऐकू आले की मूळ सूर नसला तरी मेंदू तो ऐकतो, म्हणूनच मोबाइलच्या करंगळीएवढ्या स्पीकरवर तुम्हाला डग्गा कळतो. वायर थेट बॅटरीपासून, जाड, बॅटरीजवळच फ्यूज. गेन आवाज फाटायला लागतो त्याच्या बराच खाली. पन्नासच्या वर वेग गेला की बंद. ॲम्पवर ४० वॅट लिहिलंय, आणि तो ४० देतो.

गेल्या दिवाळीत भावाच्या पेटीचं भोक बुजवलं, आतून पट्ट्या मारल्या, एक ट्वीटर काढला, गेन निम्म्यावर आणला. अंगणात लावला तेव्हा मावशी आतून बाहेर आली आणि म्हणाली, ''आज कमी लावलाय व्हय? बरं वाटतंय.'' भाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ''तुला पण ती शिट्टी ऐकू येती का, बंद केल्यावर?'' मला येत नव्हती. त्याला कधीपासून येते विचारलं तर म्हणाला, दोन हंगाम झाले. पुण्याला नेऊन कान तपासले. रिपोर्टच्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा आहे, दोन्ही कानांना. आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. १०० डेसिबलला कान सुरक्षितपणे पंधरा मिनिटं सोसतो, तो रात्रभर सोसत होता. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो २७ वर्षांचा आहे.

मला वाटलं होतं तो आता साउंड काढेल. काढला नाही. गेन थोडा वाढवलाही असावा, मी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात रात्री दीडला त्याचा व्हॉट्सॲप आला, कारखान्याच्या लाइनीतून. दुकानात दुपारी काढलेला एका नव्या ॲम्पचा फोटो. वर ५००० वॅट, पण फोटो झूम केलेला होता खालच्या कोपऱ्यात, फ्यूजवर.

''पंधराचा हाय,'' त्याने लिहिलं होतं. ''म्हंजी किती?''